चव्वेचाळीस हेक्टरांचे राज्य आणि दिल्लीचा संभ्रम

रोमच्या संत पीटर चौकात शिरताना फरसबंदीवर पांढऱ्या दगडाची एक पट्टी लागते. बर्निनीने सतराव्या शतकात उभारलेल्या स्तंभावलीच्या दोन बाहूंची टोके जोडणारी ही पट्टी बहुतेक प्रवाशांच्या ध्यानातही येत नाही. तिच्या अलीकडे इटलीचे प्रजासत्ताक आहे आणि पलीकडे जगातील सर्वांत लहान सार्वभौम राज्य. पट्टी ओलांडताना कोणी पासपोर्ट मागत नाही आणि चलनही बदलावे लागत नाही. भारतातून जाणाऱ्याला लागतो तो शेंगेन व्हिसाच. व्हॅटिकनचा निराळा व्हिसा काढण्याचा प्रश्न येत नाही, कारण या राज्याला विमानतळ नाही आणि इटलीच्या भूमीवर पाऊल ठेवल्यावाचून तेथे पोहोचण्याचा मार्ग सामान्य प्रवाशाला उपलब्ध नाही. बॅसिलिकेत जाण्यापूर्वी तपासणी होते, परंतु ती सामानाची, राष्ट्रीयत्वाची नव्हे.

सरकारी दौऱ्यावर वा सहलीसाठी रोमला गेलेला मराठी अधिकारी बहुधा या राज्यात अर्धा दिवस घालवतो. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ या काळात रंगविलेले सिस्टिन चॅपेलचे छत पाहतो, त्याच कलावंताचे 'पिएता' हे शिल्प काचेआडून न्याहाळतो, चौकात छायाचित्र काढतो आणि एका देशाची यादीत भर घालून परततो. पाहणे झाले, समजणे राहून गेले. हे वैयक्तिक प्रवाशाबाबत क्षम्य आहे. परंतु भारतीय राज्यव्यवस्थेनेही या नगरराज्याकडे बराच काळ असेच पाहिले आहे, कधी भाविक कौतुकाने तर कधी तीव्र संशयाने. सुमारे दोन कोटी भारतीय नागरिकांच्या धर्मसंस्थेचे सर्वोच्च पीठ जेथे आहे, त्या सत्तेचे नेमके स्वरूप काय, हा प्रश्न म्हणूनच केवळ पर्यटनाचा राहत नाही.

तीन नावे, तीन अर्थ

संभ्रमाचे मूळ नावांत आहे. 'व्हॅटिकन' हा एकच शब्द तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली गोष्ट म्हणजे कॅथलिक चर्च. हा जगभरच्या श्रद्धावंतांचा समुदाय. त्याला भूमी नाही, सीमा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे 'होली सी', अर्थात पोपचे धर्मपीठ. हे पद आणि त्याभोवतीची केंद्रीय शासनयंत्रणा मिळून आंतरराष्ट्रीय कायद्याच्या दृष्टीने सार्वभौम मानली जाते. तिसरी गोष्ट म्हणजे व्हॅटिकन सिटी हे राज्य. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४४ हेक्टर आहे. दिल्लीकर वाचकाला हे मोजमाप चटकन कळावे म्हणून सांगायचे तर ३३० एकरांच्या राष्ट्रपती भवन परिसराचा तो जेमतेम एक-तृतीयांश भाग होतो. रहिवासी हजाराच्या आत.

राजदूत पाठवले आणि स्वीकारले जातात ते या राज्याच्या नावाने नव्हे, तर धर्मपीठाच्या नावाने. १८० हून अधिक राष्ट्रांशी धर्मपीठाचे राजनैतिक संबंध आहेत. संयुक्त राष्ट्रसंघात १९६४ पासून कायम निरीक्षकाचे आसन आहे तेही धर्मपीठाचेच. याउलट जागतिक टपाल संघ, दूरसंचार संघ अशा तांत्रिक संस्थांत सदस्य म्हणून नाव लागते ते नगरराज्याचे, कारण टपाल तिकिटे आणि रेडिओ लहरी यांना भूमी लागते. थोडक्यात, सामान्य राष्ट्रात भूमीमधून सार्वभौमत्व निर्माण होते. येथे सार्वभौमत्व आधी होते आणि त्याच्या रक्षणासाठी भूमी मागाहून निर्माण करण्यात आली. हा उलटा क्रम लक्षात घेतल्यावाचून या राज्याचे कोणतेही वर्तन उलगडत नाही.

भूमीवाचून अठ्ठावन्न वर्षे

हा क्रम इतिहासाने सिद्ध केलेला आहे. मध्य इटलीच्या विस्तृत प्रदेशावर पोपचे ऐहिक राज्य हजार वर्षांहून अधिक काळ होते. इटलीच्या एकीकरणाच्या लाटेत ते आक्रसत गेले आणि २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीच्या फौजा पोर्ता पिया या वेशीजवळील तटबंदी फोडून रोममध्ये शिरल्या. तत्कालीन पोप नववे पायस यांनी स्वतःला 'व्हॅटिकनमधील कैदी' म्हणवून घेतले. पुढच्याच वर्षी इटलीच्या संसदेने हमी कायदा संमत करून पोपला राजाचा मान, वार्षिक तनखा आणि प्रासादांचा वापर देऊ केला. पोपनी तो नाकारला. त्यांचा तर्क संसदीय कामकाजाच्या जाणकारांना सहज पटण्याजोगा आहे: जे एका संसदेने कायद्याने दिले, ते दुसरी संसद कायद्यानेच काढून घेऊ शकते. आपल्याकडील संस्थानिकांना दिलेले तनखे १९७१ मध्ये घटनादुरुस्तीने कसे संपुष्टात आले हे ज्यांनी पाहिले, त्यांना या तर्काचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही.

त्यानंतर सुमारे अठ्ठावन्न वर्षे पोपजवळ कायद्याने मान्य असे वीतभरही राज्य नव्हते. तरीही राष्ट्रांचे दूत त्यांच्याकडे येत राहिले. १८८५ मध्ये कॅरोलाइन बेटांवरून जर्मनी आणि स्पेन यांच्यात वाद पेटला तेव्हा बिस्मार्कसारख्या कसलेल्या मुत्सद्द्याने मध्यस्थीसाठी तेरावे लिओ यांचे नाव सुचविले. ज्याच्याजवळ ना सैन्य ना प्रदेश, त्याच्या शब्दाला दोन साम्राज्यांनी किंमत दिली. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी 'लिओ' हेच नाव धारण केले, त्यामागील परंपरेचा हाही एक धागा आहे.

अखेर ११ फेब्रुवारी १९२९ रोजी लॅटरन करार झाला. धर्मपीठातर्फे कार्डिनल पिएत्रो गास्पारी आणि इटलीच्या राजातर्फे पंतप्रधान मुसोलिनी यांनी त्यावर सह्या केल्या. करारात तीन भाग होते: नगरराज्याची स्थापना करणारा तह, इटलीतील चर्चचे स्थान ठरविणारा समझोता आणि गमावलेल्या प्रदेशाची भरपाई. ७५ कोटी लिरा रोख आणि १०० कोटी लिरांचे सरकारी रोखे अशी ती भरपाई होती. मुसोलिनीला या कराराने मोठी प्रतिष्ठा मिळाली, हे विसरून चालत नाही. सार्वभौमत्वाची किंमत एका हुकूमशहाला वैधता मिळवून देऊन चुकवली गेली, हा आक्षेप तेव्हापासून आजवर घेतला जातो. कॅथलिक पंथ हा इटलीचा राजधर्म असल्याचे कलम मात्र १९८४ मध्ये समझोत्याची फेररचना झाली तेव्हा निकाली निघाले. राज्य टिकले, विशेषाधिकार गेला.

निवडून आलेला अनियंत्रित राजा

राज्यशास्त्राच्या पुस्तकी वर्गवारीत व्हॅटिकन बसत नाही. पोप निवडून येतो, परंतु निवडून आल्यावर कायदेमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायव्यवस्था या तिन्हींचे पूर्ण अधिकार त्याच्याच ठायी एकवटतात. १३ मे २०२३ रोजी फ्रान्सिस यांनी दिलेल्या नव्या मूलभूत कायद्यानेही हे तत्त्व कायम ठेवले. दैनंदिन कारभार एक आयोग आणि त्याच्या अध्यक्षांखालील गव्हर्नरेट पाहते. मार्च २०२५ पासून त्या पदावर सिस्टर राफाएल्ला पेत्रिनी आल्या आणि पहिल्यांदाच एका स्त्रीकडे हे काम गेले. मतदारसंघ कार्डिनलांचा, तोही ऐंशी वर्षांखालील. मे २०२५ च्या कॉन्क्लेव्हमध्ये १३३ कार्डिनलांनी मतदान केले आणि दुसऱ्याच दिवशी शिकागोत जन्मलेले, पेरूमध्ये दीर्घकाळ सेवा केलेले रॉबर्ट प्रेव्होस्ट दोन-तृतीयांश बहुमताने पोप झाले. त्या मतदारांत गोव्याचे फिलिप नेरी फेर्राव, हैदराबादचे अँथनी पूला, केरळचे बसेलिओस क्लेमीस आणि व्हॅटिकनच्या राजनैतिक सेवेतील जॉर्ज कूवक्काड असे चार भारतीय होते. यांपैकी पूला हे पहिले दलित कार्डिनल होत.

नागरिकत्वाची व्यवस्था तर बदलीच्या नोकरीत आयुष्य घालवणाऱ्या दिल्लीकर अधिकाऱ्याला फारच ओळखीची वाटेल. येथे जन्माने कोणी नागरिक होत नाही. नागरिकत्व पदाबरोबर येते आणि पदाबरोबर जाते. जणू सरकारी निवासस्थानच. १५०६ पासून सेवेत असलेल्या स्विस रक्षकाला ते नेमणुकीपुरते मिळते. शेकडो कर्मचारी सकाळी रोममधून कामावर येतात आणि सायंकाळी इटलीत परततात. पाणी, वीज, रेल्वेचा सांधा या साऱ्यांसाठी हे राज्य शेजाऱ्यावर अवलंबून आहे. संत पीटर चौकाची रोजची पोलीस व्यवस्थासुद्धा करारानुसार इटलीकडे असते आणि ती बॅसिलिकेच्या पायऱ्यांशी थांबते. १३ मे १९८१ रोजी याच चौकात दुसरे जॉन पॉल यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्या मेहमेत अली आग्जा याच्यावर खटला चालला तो इटलीच्या न्यायालयात. जगातील कदाचित हे एकमेव राज्य असेल, ज्याच्या प्रमुखावरील प्राणघातक हल्ल्याचा निवाडा शेजारच्या राज्याने केला.

एकवटलेल्या सत्तेचे दोष येथेही चुकलेले नाहीत. १९८२ मध्ये बँको अँब्रोसियानो बुडाली तेव्हा व्हॅटिकनच्या बँकेचे नाव त्या प्रकरणात गुंतले आणि पुढे धनकोंना मोठी रक्कम द्यावी लागली. लंडनमधील एका इमारतीच्या व्यवहारात दहा कोटी युरोंहून अधिक नुकसान झाल्यावर कार्डिनल आंजेलो बेच्यू यांना डिसेंबर २०२३ मध्ये व्हॅटिकनच्याच न्यायालयाने दोषी ठरवून साडेपाच वर्षांची शिक्षा सुनावली. बेच्यू यांनी आरोप नाकारले आणि निकालाविरुद्ध अपील केले. कार्डिनलालाही सामान्य न्यायासनापुढे उभे करता येते, हे या खटल्याने दाखविले, ही त्याची जमेची बाजू. परंतु तपास चालू असतानाच पोपनी विशेष आदेश काढून तपासयंत्रणेचे अधिकार वाढविले, यावर बचाव पक्षाने घेतलेला आक्षेपही तितकाच मूलगामी होता. जो कायदा करतो, तोच न्यायाधीश नेमतो आणि तोच अपिलाचा शेवटचा आधार असतो, तेथे सुधारणेचा हेतूसुद्धा संशयातीत राहत नाही.

शब्दाचे सामर्थ्य, संयमाची किंमत

असे हे छोटे, परावलंबी आणि दोषयुक्त राज्य जागतिक राजकारणात मोजले जाते ते कशाच्या बळावर? उत्तर तीन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे माहिती. जगाच्या कानाकोपऱ्यांतील धर्मप्रांत, शाळा, इस्पितळे आणि धर्मगुरू यांच्याकडून येणारी खबर अनेक मोठ्या राष्ट्रांच्या वकिलातींनाही दुर्मीळ असते. दुसरी म्हणजे प्रशिक्षित मनुष्यबळ. पोपच्या दूतांना घडविणारी अकादमी १७०१ पासून चालू आहे. तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, म्हणजे काळाकडे पाहण्याची दृष्टी. पाच वर्षांनी निवडणुकीला सामोरे जावे लागणाऱ्या सरकारांहून धर्मपीठाचे घड्याळ वेगळे चालते.

१९७८ च्या अखेरीस बीगल सामुद्रधुनीतील बेटांवरून अर्जेंटिना आणि चिली युद्धाच्या उंबरठ्यावर होते. पोपनी कार्डिनल सामोरे यांना पाठविले. वाटाघाटी सहा वर्षे रेंगाळल्या, सामोरे मधल्या काळात निवर्तले, परंतु नोव्हेंबर १९८४ मध्ये व्हॅटिकनमध्येच शांततेच्या तहावर सह्या झाल्या. २०१४ मध्ये अमेरिका आणि क्यूबा यांच्यातील कोंडी फुटण्यामागेही फ्रान्सिस यांची पत्रे आणि व्हॅटिकनमधील गुप्त बैठक होती.

याच संयमाची दुसरी बाजू चीनमध्ये दिसते. तैवानशी संबंध राखणारे युरोपातील एकमेव राजनैतिक केंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या धर्मपीठाने सप्टेंबर २०१८ मध्ये बीजिंगशी बिशपांच्या नेमणुकीबाबत हंगामी करार केला. २०२०, २०२२ आणि २०२४ मध्ये त्याची मुदत वाढविण्यात आली. कराराचा मजकूर मात्र प्रसिद्ध झालेला नाही. समर्थक म्हणतात, चिनी कॅथलिकांमधील फूट सांधण्यासाठी ही किंमत आवश्यक होती; टीकाकार म्हणतात, छळ सोसलेल्यांच्या निष्ठेचा हा सौदा आहे. दोहोंतही तथ्य आहे.

गोव्याचा धडा

धर्मपीठाची ही कार्यपद्धती भारताने सर्वांत जवळून अनुभवली ती गोव्याच्या प्रश्नात. भारत आणि धर्मपीठ यांचे राजनैतिक संबंध १२ जून १९४८ रोजी प्रस्थापित झाले. त्यावेळी पोर्तुगालला जुन्या धर्माश्रयाच्या हक्काने भारतातील काही बिशपांच्या नेमणुकीत शब्द होता. खुद्द मुंबईत १९२८ च्या व्यवस्थेनुसार आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश आर्चबिशप नेमला जात असे. स्वतंत्र राष्ट्राच्या पहिल्या क्रमांकाच्या बंदरात धर्मगुरू कोण असावा हे लिस्बनने ठरवावे, ही विसंगती फार काळ टिकणारी नव्हती. १९५० मध्ये धर्मपीठाने पोर्तुगालशी करार करून गोव्याबाहेरील भारतीय प्रदेशांत ती संपविली आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते पहिले भारतीय कार्डिनलही झाले.

जुलै १९५५ मध्ये पंतप्रधान नेहरू बारावे पायस यांना भेटले. गोवा हा पोर्तुगाल 'ख्रिस्ती संस्कृतीचा' प्रश्न म्हणून जगापुढे मांडत होता. गोव्याचा प्रश्न राजकीय आहे, धार्मिक नाही, याबाबत पोप सहमत असल्याचे नेहरूंनी भेटीनंतर सांगितले आणि लिस्बनच्या प्रचाराचा पायाच डळमळला. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. पुढे काय घडले ते विशेष बोधप्रद आहे. गोव्याचे पोर्तुगीज आर्चबिशप आल्व्हेर्नाज १९६२ मध्ये निघून गेले, परंतु धर्मपीठाने त्यांचे पद रिक्त घोषित केले नाही. कारभार स्थानिक प्रशासकाकडे सोपविला. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार ३१ डिसेंबर १९७४ रोजी केला. आल्व्हेर्नाज यांचा राजीनामा आला तो १९७५ मध्ये आणि राऊल गोन्साल्विस हे गोव्याचे आर्चबिशप झाले ते १९७८ मध्ये. तिरंगा फडकल्यानंतर सोळा वर्षांहून अधिक काळाने!

म्हणजे या काळात धर्मपीठ भारताच्या विरोधात होते काय? तसेही नाही. डिसेंबर १९६४ मध्ये सहावे पॉल मुंबईला आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक परिषदेसाठी आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिले पोप. गोव्याच्या घटनेला जेमतेम तीन वर्षे झाली असताना पोप भारतात जातात, याबद्दल पोर्तुगालने उघड नाराजी व्यक्त केली. तरीही ते आले. कागदावर जे मान्य केले नाही, ते पायांनी मान्य केले. धर्मपीठ वस्तुस्थिती नाकारत नाही. ती स्वीकारण्याची घाईही करत नाही. ज्यांना त्याच्याशी व्यवहार करावयाचा आहे, त्यांनी ही लय ओळखली पाहिजे.

चाणक्यपुरी आणि बर्न

दिल्लीत पोपचे दूतावास चाणक्यपुरीत नीती मार्गावर आहे. १९६७ मध्ये त्याला पूर्ण राजदूतपदाचा दर्जा मिळाला. भारताचा मात्र रोममध्ये धर्मपीठासाठी निवासी राजदूत नाही. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील राजदूताकडेच ही जबाबदारी जोडून देण्याची प्रथा आहे. इटलीतील राजदूतालाच हे काम का देत नाहीत, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर १८७० च्या इतिहासात आहे. इटलीला पाठविलेला दूत धर्मपीठ आपला म्हणून स्वीकारत नाही, कारण आपले सार्वभौमत्व इटलीचे उपांग नाही हे त्याला पदोपदी ठसवावयाचे असते. त्यामुळे अनेक राष्ट्रांनी रोम या एकाच शहरात दोन-दोन वकिलाती थाटल्या आहेत. भारताने काटकसरीचा पर्याय निवडला.

या काटकसरीची किंमत अडचणीच्या वेळी कळते. मार्च २०१६ मध्ये येमेनमधील एडन येथे मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या वृद्धाश्रमावर हल्ला झाला आणि केरळचे फादर टॉम उळुन्नालिल यांचे अपहरण झाले. भारताने येमेनमधून आपले दूतावास आधीच हलविले होते. सुमारे अठरा महिन्यांनी, सप्टेंबर २०१७ मध्ये, ओमानच्या प्रयत्नांनी त्यांची सुटका झाली आणि या प्रयत्नांमागे व्हॅटिकनची विनंती असल्याचे ओमानने जाहीर केले. सुटकेनंतर ते प्रथम रोमला गेले, मग दिल्लीला आले. एका भारतीय नागरिकाच्या प्राणांचा प्रश्न होता आणि ज्या दाराने तो सुटला, त्या दाराशी भारताचा नित्य वावर नव्हता.

संशयाचे प्रसंगही घडले. नोव्हेंबर १९९९ मध्ये दुसरे जॉन पॉल दिल्लीत आले. राष्ट्रप्रमुख म्हणून त्यांचे स्वागत झाले आणि त्याच दौऱ्यात त्यांनी आशियातील चर्चविषयीच्या दस्तऐवजावर सही केली. तिसऱ्या सहस्रकात आशियात श्रद्धेचे मोठे पीक यावे, ही त्यातील अपेक्षा धर्मांतराच्या वादाने तापलेल्या वातावरणात ठिणगीसारखी पडली. मे २००६ मध्ये भारतीय राजदूताची अधिकारपत्रे स्वीकारताना सोळावे बेनेडिक्ट यांनी राज्यांमधील धर्मांतरविरोधी कायद्यांच्या प्रयत्नांवर टीका केली, तेव्हा केंद्रात सरकार वेगळ्या आघाडीचे होते. तरीही दिल्लीने पोपच्या दूताकडे नापसंती कळविली. दोन्ही प्रसंगी अडचण एकच होती. राष्ट्रप्रमुख या नात्याने पोप पाहुण्याच्या मर्यादेत बोलणे अपेक्षित असते. धर्मगुरू या नात्याने त्यांना ती मर्यादा मान्य नसते. माणूस एक, टोप्या दोन.

त्यानंतर संबंध थंडावले असे मात्र नाही. २००५ मध्ये जॉन पॉल यांच्या अंत्यविधीला उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत गेले. मदर तेरेसा यांना २०१६ मध्ये संतपद दिले गेले तेव्हा परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज उपस्थित होत्या. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी ३० ऑक्टोबर २०२१ रोजी फ्रान्सिस यांची भेट घेऊन त्यांना भारतभेटीचे निमंत्रण दिले. २०१७ मध्ये शेजारच्या म्यानमार आणि बांगलादेशाला जाऊन आलेले फ्रान्सिस भारतात मात्र अखेरपर्यंत येऊ शकले नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्या अंत्यविधीला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू स्वतः गेल्या आणि देशात तीन दिवसांचा राजकीय दुखवटा पाळण्यात आला. शिष्टाचारात उणीव नाही; उणीव आहे ती नित्याच्या परिचयात.

नागरिक कोणाचे?

दिल्लीतील संशयाचा गाभा एका प्रश्नात सांगता येतो: भारतातील बिशप परकीय राष्ट्रप्रमुख नेमतो, मग त्यांची निष्ठा कोठे? येथेच तीन नावांतील भेद उपयोगी पडतो. बिशप नेमते ते धर्मपीठ. व्हॅटिकन सिटी राज्याचा त्याच्याशी संबंध नाही. लॅटिन परंपरेतील नेमणुकांसाठी नावे दिल्लीतील दूतामार्फत रोमला जातात, तर केरळच्या सिरो-मलबार चर्चमध्ये आपल्या प्रदेशातील बिशपांची निवड त्यांची धर्मसभा करते. चीनप्रमाणे या प्रक्रियेत भारत सरकारने कधी वाटा मागितला नाही. हे दौर्बल्य नव्हे, तर घटनेच्या पंचविसाव्या आणि सव्विसाव्या अनुच्छेदांशी सुसंगत असा निर्णय आहे. त्याच वेळी नागरी कायद्याच्या क्षेत्रात राज्याने आपला अधिकार सोडलेला नाही. चर्चच्या न्यायासनाने विवाह रद्द ठरविला तर त्याला नागरी घटस्फोटाचा दर्जा द्यावा, ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. सीमारेषा स्पष्ट आहे आणि ती भारतीय संस्थांनीच आखली आहे.

शिवाय रोमचा शब्द म्हणजे भारतीय कॅथलिकांसाठी शिरसावंद्य हुकूम, ही समजूतही वस्तुस्थितीला धरून नाही. एर्नाकुलम-अंगमाली धर्मप्रांतात प्रार्थनाविधी कसा असावा यावरून वाद पेटला, तेव्हा पोपनी २०२३ मध्ये खास प्रतिनिधी पाठविला, चित्रफितीद्वारे स्वतः आवाहन केले; तरीही अनेक धर्मगुरू आणि श्रद्धावंत आपल्या भूमिकेवर ठाम राहिले. आपल्या रूढींसाठी रोमशी भांडणारा समाज रोमचा हस्तक असू शकत नाही. वसईत जन्मलेल्या आणि १५९७ मध्ये नागासाकीत हुतात्मा झालेल्या गोन्सालो गार्सिया यांना १८६२ मध्ये रोमने संत ठरविले, परंतु त्यांना 'आपले' मानणारे वसईचे मराठी बोलणारे ख्रिस्ती त्याआधीपासूनच याच मातीचे होते आणि आहेत.

पोपच्या भेटीचा वाद उद्भवतो किंवा धर्मांतराच्या कायद्यावर व्हॅटिकनचा शब्द येतो, तेव्हा दिल्लीत दोन टोकांची भाषा ऐकू येते. एक टोक पोपला केवळ वंदनीय संत समजते, दुसरे टोक केवळ परकीय सत्ताधीश. दोन्ही टोकांना तो चव्वेचाळीस हेक्टरांचा नकाशाच दिसत असतो. प्रत्यक्षात तेथे एक जुनी, चिवट आणि सावकाश चालणारी संस्था आहे. तिच्याशी मतभेद करता येतात, व्यवहार करता येतो, तिच्याकडून मदतही मिळते. त्यासाठी बर्नहून येणाऱ्या पाहुण्या दूताऐवजी रोममध्ये राहणारा आणि तिची लय ओळखणारा दूत असणे अधिक उपयोगाचे ठरेल. गोव्याच्या आणि वसईच्या इतिहासाचे कागद जेथे सांभाळले आहेत, त्या अभिलेखागाराची वाटही त्यामुळे भारतीय अभ्यासकांना जवळची होईल.

तोवर रोमला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने एवढे जरूर करावे. चौकाच्या तोंडाशी त्या पांढऱ्या पट्टीवर क्षणभर थांबावे. जगातील बहुतेक सीमा सैन्याने राखल्या जातात. ही सीमा दोन्ही बाजूंनी मान्य असलेल्या एका कागदाने राखली आहे. तो कागद मिळविण्यासाठी अठ्ठावन्न वर्षे वाट पाहण्याची ज्यांची तयारी होती, त्यांच्याशी बोलताना घाई करणाऱ्याचीच बाजू लंगडी पडते.